कांडिन्स्कींची वर्तुळे त्यांच्याच मापात लावा

मा. संपादक,
स. न.

फर्निचरच्या शोरूममध्ये, हॉटेलांच्या लॉबीत आणि ऑनलाइन दुकानांत रंगीत वर्तुळांचे एक चित्र हल्ली सर्रास दिसते. रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी 1913 मध्ये, म्युनिकच्या मुक्कामात केलेला हा रंगांचा अभ्यास 'समकेंद्री वर्तुळांचे चौरस' अशा नावाने ओळखला जातो. अमूर्त कलेच्या अगदी पहाटेचे हे काम घराघरांत पोचते आहे याचा आनंदच आहे. पण ज्या अवस्थेत ते विकले जाते ती पाहून जीव तुटतो. तीन फुटी कॅनव्हासवर ताणलेले, वरून चकचकीत वार्निश, कधी चित्रातल्या बारा चौकटींपैकी नऊच ठेवून चौरस केलेले, तर कधी आडव्याचे उभे करून टांगलेले. प्रिंट घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र.

मूळ काम कॅनव्हासवर नाही, कागदावर आहे. जलरंग, गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि क्रेयॉन. उंची सुमारे 24 सेंमी, रुंदी सुमारे 31.5 सेंमी; म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या वहीचे एक पान. एका ओळीत चार चौकटी, अशा तीन ओळी; प्रत्येक चौकटीत एकात एक वर्तुळे. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे चढवतात, कसे उतरवतात हे ताडून पाहण्यासाठी केलेला हा सराव होता. पिवळा पाहणाऱ्याच्या अंगावर येतो आणि निळा आत मिटत जातो, हे कांडिन्स्कींनी 1911 च्या अखेरीस निघालेल्या आपल्या पुस्तकात मांडले होते. तोच विचार मनात ठेवून हा कागद पाहावा. प्रत्येक चौकटीचा रंग शेजारच्या चौकटीवर अवलंबून आहे, त्यामुळे एक रांग छाटली की उरलेल्या चौकटींचाही तोल जातो. विक्रेते याला 'मंडल' म्हणून वास्तुशास्त्राच्या नावाखालीही खपवतात. त्याला काही आधार नाही.

खरी प्रतिकृती ओळखणे सोपे आहे. वर्तुळे कंपासने काढलेली नाहीत. कुठे अंडाकृती झाली आहेत, कुठे केंद्र सरकले आहे. चौकटींच्या कडाही पट्टीने आखलेल्या नाहीत. जवळून पाहिले तर वर्तुळाच्या एका कड्याचा ओला रंग शेजारच्या कड्यात उतरलेला दिसतो आणि पातळ रंगाखाली कागद डोकावतो. विकायला असलेल्या प्रिंटमध्ये वर्तुळे बांगडीसारखी गोल आणि रंग सपाट असतील, तर ते संगणकावर नव्याने आखलेले चित्र आहे, कांडिन्स्कींचे नव्हे.

'परवाना शुल्क' म्हणून जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. कांडिन्स्की 1944 च्या डिसेंबरात वारले. आपल्याकडे लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे तो 2004 अखेर संपला. युरोपातली 70 वर्षेही 2014 अखेर भरली. (हाच न्याय आपल्या चित्रकार गायतोंडे किंवा रझांना लावू नये. गायतोंडे 2001 मध्ये गेले, रझा 2016 मध्ये. त्यांची चित्रे परवानगीशिवाय छापून विकता येत नाहीत.) फोटो कुठून घेतला त्या संस्थेच्या अटी मात्र वाचाव्यात. मूळ कागद म्युनिकच्या लेनबाखहाऊस संग्रहालयात आहे. कांडिन्स्कींच्या एकेकाळच्या जोडीदार, चित्रकार गाब्रिएले म्युंटर यांनी नाझी राजवटीत कांडिन्स्कींची चित्रे मुरनाऊच्या घराच्या तळघरात लपवून जपली आणि 1957 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, या संग्रहालयाला दिली. हा कागद त्याच देणगीतला.

छापायचे तर मूळ मापातच छापावे. A3 कागदावर ते नेमके बसते: डावी-उजवीकडे सव्वापाच सेंमी आणि वर-खाली पावणेतीन सेंमीहून थोडी जास्त कोरी जागा उरते. इंचाला 300 पिक्सेल धरले तर फाइल किमान 3,720 × 2,835 पिक्सेलची हवी. मोबाइलवर आलेली फाइल बहुधा याहून बरीच लहान असते. ती ताणून छापली की कड्यांच्या कडा जिन्यासारख्या दिसतात. कागद कॉटनचा, मॅट, 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, आणि शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) मागावी. डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई आधी झकास दिसते, पण उजेडात लवकर उडते. निळसर पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायने असतात. ती काही वर्षांत मरतात, कागद पिवळा पडतो आणि सगळे रंग मळकट दिसू लागतात.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी 10 सेंमीची चाचणी पट्टी काढायला सांगा. तिच्यात नारिंगीकडे झुकणारा लाल आणि गडद निळा हे दोन्ही आलेच पाहिजेत, कारण बिघडतात ते हेच. स्क्रीनवरचा निळा छपाईत जांभळा होतो, लाल विटकरी होतो. ती पट्टी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. दिवसा दारात, सावलीच्या उजेडात पाहा.

सर्वाधिक नुकसान होते ते फ्रेम करताना. प्रिंट निघाल्यावर निदान 24 तास मोकळी वाळू द्यावी. घाईने काचेखाली गेली तर शाईतले द्रव आतच उडून काचेला धुरकट थर धरतात. मागे सरळ हार्डबोर्ड लावतात, तो आम्लधर्मी असतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटवतो. मध्ये आम्लविरहित माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) घालायलाच लावा. पुढच्या माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) खिडकी 32.5 × 25 सेंमी कापावी, म्हणजे चित्राच्या चारही कडा दिसतात. तीन बाजूंना 7 आणि खाली 8 सेंमी माउंट ठेवले की काच 46.5 × 40 सेंमीची होते. खाली एक सेंमी जास्त का, तर समान ठेवले की चित्र खाली घसरल्यासारखे वाटते.

चिकटवण्यासाठी सेलोटेप, फेव्हिकॉल, दुहेरी टेप यांपैकी काहीही नको. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावाव्यात आणि बाकीच्या तिन्ही कडा मोकळ्या सोडाव्यात. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चारी बाजूंनी जखडला की जुलैत त्याला लाटा येतात. फ्रेमवाले ताठ दिसावे म्हणून चारही कडा चिकटवून देतात, त्यांना आधीच बजावावे. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटच्या जाडीइतके, दोन-तीन मिमी अंतर हवेच. मुंबई-कोकणात काचेला टेकलेला प्रिंट एका पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवताना रंगाचा थर काचेवर राहतो. मागून कागदी टेपने सगळ्या फटी बंद कराव्यात, नाहीतर कसर आत जाते.

लावताना ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, विशेषतः पश्चिमेची. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे 5 मिमी जाडीचे कॉर्कचे तुकडे चिकटवले की मागून हवा खेळते. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर यावा. सोफ्यावर लावत असाल तर पाठीपासून 15-20 सेंमी वर. इतके लहान चित्र दहा फुटी भिंतीच्या मधोमध हरवते, म्हणून ते पुस्तकांच्या कपाटाशेजारी किंवा पॅसेजमध्ये, जिथे माणूस दोन फुटांवर थांबतो, तिथे लावावे. पिवळ्या दिव्यात निळ्या चौकटी काळवंडतात. 3,500 ते 4,000 केल्विनचा (फार पिवळा नाही, फार निळा नाही असा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे माप) 90 च्या वरचा एलईडी घ्यावा. थेट ऊन मुळीच नको.

श्रावण सरला की फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू पाहावी. टेप सुटली असेल तर कोरड्या दिवशी बदलावी. माउंटवर बुरशीचे ठिपके दिसले तर पुसू नयेत, पसरतात. माउंट काढून टाकावे आणि नवे घालावे.

आपली विश्वासू,
चित्रमुद्रण व फ्रेमिंगच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे