माझा राउंड राहिला

मिरज, 12 ऑक्टोबर

चि. मधुरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विमानतळावर तू माझ्याशी जेमतेम चार वाक्ये बोललीस आणि त्यांतली दोन पासपोर्टविषयी होती. आदल्या रात्री एडिंबरोत फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्स या पबमध्ये तुझ्यासमोर दुसरा पेला आला, तेव्हा मी सर्वांदेखत त्यावर हात ठेवून ‘हा कितवा?’ असे विचारले, ते चुकलेच. विचारले मराठीत, पण पेल्यावरचा हात सगळ्यांना कळला. या पत्रात पिण्याविषयी काही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसले आहे.

जागा मात्र मला वाटले होते त्याहून निराळी निघाली. गुत्ता म्हटले की मला धूर आठवतो आणि अण्णामामाला बोलावून आणायला आई मला ज्या दारापर्यंत पाठवत असे, ते दार आठवते. तेथे 2006 पासून आत धूम्रपानाला बंदी आहे. वास होता तो ओल्या कोटांचा, जुन्या लाकडाचा आणि माझ्या पावलांवर हनुवटी टेकून निजलेल्या त्या करड्या कुत्र्याचा. कुत्र्याच्या मालकांनी, त्या उंच वृद्ध गृहस्थांनी, मला खुर्ची सरकवून दिली. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव आहे असे तू म्हणताच त्यांनी अकॉर्डियनवाल्या बाईंना हाक मारली आणि तुला तेच पुन्हा सांगायला लावले. मग स्वतः उठून माझ्यासाठी लिंबू घातलेला सोडा आणला. तेथे टेबलाशी कोणी विचारायला येत नाही, ज्याचे त्याने काउंटरवरून आणायचे असते, हे ठाऊक नसल्यामुळे मी अर्धा तास वेटरची वाट पाहत होते.

तू राउंडची रीत समजावलीस आणि माझा जीव खालीवर झाला. टेबलाभोवती सहा जण, प्रत्येकाने एकेकदा सर्वांसाठी आणायचे, म्हणजे प्रत्येकाचे सहा पेले. एक पाइंट 568 मिलिलिटरचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. तीस वर्षे गणित शिकवल्याचा हा परिणाम. अर्धा पाइंटही मागता येतो, एखादा राउंड सोडला तरी कोणी रागावत नाही आणि तू बसनेच जातेस, कारण 2014 पासून स्कॉटलंडमध्ये वाहनचालकांसाठी मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे, हे सारे तू सांगितलेस आणि मला पटले. तरी बसथांब्यापासून तुझ्या खोलीपर्यंतचा तो चढ, पाऊस आणि रात्रीचे अकरा! अण्णामामाही चालतच घरी येत असे. पाहा, पुन्हा तेच लिहिले. क्षमा कर.

लिहायचे होते ते तुझ्या वाजवण्याविषयी. मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पावलावर टेकवून शिकलेली तू तेथे खुर्चीत, वाद्य खांद्याला लावून बसलीस, तेव्हा क्षणभर मला ओळखूच आली नाहीस. कोणासमोर कागद नाही. एकाने चाल धरली की ज्यांना ती येते ते मागाहून मिसळतात. पहिली जिग, म्हणजे त्यांची ती नाचाची चाल, सुरू झाली आणि माझ्या बोटांनी टेबलावर आपोआप दादरा धरला, सहाच्या सहा मात्रा चोख. पुढच्या आवर्तनात तू एक मींड घेतलीस, ती त्या चालीत असणे शक्यच नव्हते, आणि बासरीवाल्याने मिटल्या डोळ्यांनीच भुवया उंचावल्या. बाबांनी ते ऐकायला हवे होते. लोकगीते गोळा करणारे स्कॉटिश कवी हॅमिश हेंडरसन याच पबात बसत आणि 1951 साली निघालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजसाठी भटक्या लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करत, हे त्या गृहस्थांनी सांगितले, तेव्हा मालतीआत्याच्या जात्यावरच्या ओव्या आपण कोणीच टिपल्या नाहीत याची मला त्या गोंगाटात लाज वाटली.

‘मधुरा’तला ‘धु’ त्यांना जमत नाही, तरी सगळे तुला नावाने हाक मारतात, याचा मला फार आनंद झाला. भीती याची वाटते की ज्या संध्याकाळी मन खट्टू असेल आणि व्हायोलिन पेटीबाहेर काढावेसे वाटणार नाही, त्या संध्याकाळीही तू तेथेच जाशील का, आणि तेव्हा हातात काय असेल. एकदाच विचारते, उत्तर दिले नाहीस तरी चालेल. नाही, दे.

आणखी एक. त्या गृहस्थांनी दिलेला सोडा मी प्यायले आणि शेवटच्या मागणीची घंटा होण्याआधीच तुला उठवून बाहेर आणले, म्हणजे तुमच्या रीतीने माझा राउंड राहिला. गुरुवारी जाशील तेव्हा माझ्या वतीने सर्वांना त्यांचे आवडते आणून दे, पैसे मी पाठवते. पाचच पेले आण, सहावा धरू नकोस. हे पुन्हा लिहिले गेले, पण आता खोडत नाही.

तुझी,
आई