तक्रार: ६०० वॅट सांगून विकलेला सबवूफर आणि बॉनेटखाली वितळलेला फ्यूज होल्डर

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरला चार फोन आणि तीन मेल झाले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितोय. बिल, ऑर्डर नंबर आणि फोटो सोबत जोडलेत.

मी मिरजेत राहतो. २०११ ची सेकंडहँड वॅगनआर आहे. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि आता गुडघ्यांमुळे बाहेरगावी बसायला जाता येत नाही, तर गाडीत रेकॉर्डिंग लावून ऐकतात. गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून शाईची बाजू टणटण येते पण धूम, ज्या बाजूला कणीक लावतात ती, ती येतच नाही, कारण शंभर हर्ट्झच्या खाली त्या छोट्या स्पीकरचा जीवच नाही. वडील दोनदा म्हणाले, याचा डावा हात कुठं गेला? म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड आवाज देणारा स्पीकर, बसवायचं ठरवलं. बजेट सगळं मिळून ७ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही.

वेगळा अँप (अँप्लिफायर), वेगळा बॉक्स, हेड युनिट म्हणजे पुढचा स्टिरिओ बदला, हे काहीच परवडणारं नव्हतं. म्हणून सीटखाली बसणारा, आतच अँप असलेला ८ इंची घ्यायचा आणि स्पीकरच्या वायरीवरून हाय लेव्हल इनपुट द्यायचं असं ठरलं, कारण माझ्या जुन्या स्टिरिओला आरसीए आउट, म्हणजे अँपला सिग्नल द्यायची वेगळी पिन, नाही. शेवटी दोन मॉडेल उरले. एक ४,२०० चा, त्याच्यावर स्वच्छ ७५ वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, लिहिलेलं. दुसरा तुमचा ५,४९० चा, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ६०० वॅट, वर वायरिंग किट फ्री, '८ गेज प्युअर कॉपर'. मी तुमचा घेतला. १,२९० रुपये जास्त दिले ते त्या ६०० च्या आकड्यासाठी आणि त्या किटसाठी दिले, हे कृपया लक्षात घ्या.

घरी आल्यावर बघितलं तर त्यात फ्यूज १० अँपिअरचा! गाडी चालू असताना बॅटरीला १४ व्होल्ट धरले तरी १४ गुणिले १० म्हणजे १४० वॅट, आणि हे आत जाणारे, बाहेर येणारे त्याहून कमी. फ्यूज क्षणभर जास्त करंट सोडतो हे मला माहीत आहे पण म्हणून सतत चौपट सोडत नाही. मग मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात सापडलं, आरएमएस ७५ वॅट. म्हणजे तेवढाच, जेवढा तो ४,२०० वाला होता. ७५ वॅट छोट्या गाडीला पुरतात, माझी त्याबद्दल तक्रारच नाही. पण मग बॉक्सवर तेच छापा ना, मी माझे १,२९० रुपये वाचवले असते आणि त्यात चांगली वायर आणली असती.

आता वायरीचं. फिटिंग माझ्या मावसभावाने केलं, त्याने इचलकरंजीत सहा वर्षं अॅक्सेसरीजच्या दुकानात हेच काम केलंय. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत, अर्थिंगला सीटच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केलेला, लो पास (वरचे आवाज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, गेन म्हणजे अँपची आवाज वाढवायची खुंटी अर्ध्याच्या खाली. वायर सोलतानाच तो म्हणाला ही हलकी वाटते. ब्लेडने एक तार खरवडली तर वरचा तांब्याचा रंग निघून आत पांढरी, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आणि बाहेरून करंगळीएवढी जाड दिसणारी वायर आतून बघाल तर सगळं प्लास्टिकच, मधल्या तारांचा झुबका पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडासाच जाड. फोटो क्रमांक ३ आणि ४ बघा, शेजारी पट्टी ठेवूनच काढलेत.

पहिल्या आठवड्यातच मोठ्या ठोक्याला आवाज दबायला लागला. मी मीटर लावला, फोनवरून ५० हर्ट्झचा सलग टोन सोडून, गाडी चालू ठेवून. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, सबवूफरच्या टर्मिनलला १२.६, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेले. आणि नुसत्या फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत ०.६ व्होल्टचा फरक. सात अँपिअर धरले तरी चार वॅटच्या वर उष्णता त्या एवढ्याशा प्लास्टिकच्या टोपणात तयार होतेय. हात लावला तर चटका बसत होता. हे सगळं त्याच दिवशी तुम्हाला मेल केलं आणि स्पष्ट विचारलं, हे वापरणं सेफ आहे का? तुमचं उत्तर आलं, 'थोडं गरम होणं नॉर्मल आहे, वापर सुरू ठेवावा.' तो मेलही जोडलाय.

मी विश्वास ठेवला. पुढच्या एकादशीला आई-वडिलांना घेऊन पंढरपूरला निघालो. वडील पुढच्या सीटवर बोटांनी मांडीवर ठेका धरून बसलेले, इतके दिवसांनी त्यांना धूम ऐकू येत होती. सांगोल्याच्या अलीकडे जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर होल्डर वितळून बॅटरीच्या कडेला चिकटलेला, वायरीचं कव्हर चार बोटं काळं पडलेलं, आणि फ्यूज मात्र शाबूत! कारण करंट जास्त नव्हताच, आतला काँटॅक्ट ढिला होता आणि तिथंच तापत होतं, अशा वेळी फ्यूज काही वाचवत नाही. माझी आई मागच्या सीटवर होती, तिला पटकन उतरताही येत नाही. बॅटरीचं टर्मिनल सोडताना माझे हात थरथरत होते.

आणि यावर तुमच्या सर्व्हिस सेंटरचं म्हणणं काय, तर 'लोकल इन्स्टॉलेशन आहे, वॉरंटी लागू नाही.' आमच्या भागात तुमचा ऑथराइज्ड फिटर एकही नाही हे तुमच्याच माणसाने फोनवर सांगितलंय. मग लोकांनी बसवायचं कुणाकडून? आणि होल्डर तुमच्याच किटमधला आहे, मावसभावाने बनवलेला नाही.

मला रिप्लेसमेंट नकोय. पूर्ण ५,४९० परत पाहिजेत, सामान तुम्ही घरून घेऊन जा. दुसरं म्हणजे हे किट ज्यांना ज्यांना गेलंय त्या सगळ्यांना होल्डर वापरू नका असा मेसेज पाठवा, पैशाच्या आधी हे करा, कारण कुणाच्या तरी गाडीत तो आत्ता तापत असेल. आणि बॉक्सवरचं ६०० आणि 'प्युअर कॉपर' काढा.

१५ दिवस वाट बघतो. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केस टाकणार, एवढ्या रकमेला तिथं फी लागत नाही.

वितळलेला होल्डर आणि वायरीचा तुकडा मी डब्यात जपून ठेवलाय. तुमच्या इंजिनिअरला बघायचं असेल तर मिरजेला पाठवा, संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो, पण कुरिअरने तो माझ्याकडून मिळणार नाही.

तुमचा ग्राहक,
मिरज