जनरेटर नको, बाबा

मुलुंड पूर्व, मुंबई

ति. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आत राहायची-झोपायची गाडी घेतलीस ते ठीक, पण मागे एक छोटा जनरेटर टाकून घे, रात्रीबेरात्री उपयोगी पडतो." मी तेव्हा विषय बदलला, कारण हे सगळं फोनवर नीट सांगता आलं नसतं. जनरेटरवर तुमचा एवढा भरवसा का, ते मला ठाऊक आहे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीत कित्येक दिवस वीज नव्हती आणि शेजाऱ्यांच्या जनरेटरवरच आपल्या टाकीत पाणी चढत होतं. पण अंगणात चालणारा जनरेटर वेगळा, आणि आपण आत झोपलेलो असताना गाडीलाच जोडलेला वेगळा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. तुम्ही दोघं ज्या गाडीत झोपणार, तिच्यात मी तो धोका येऊ देणार नाही.

मुळात जनरेटर लागतो तो एसीसाठी. बाकी कशालाच नाही. पत्र्याच्या गाडीत एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा तर पाच-सहा युनिट सहज जातात. म्हणून एसी घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि जनरेटरचा प्रश्न तिथेच मिटला. त्याऐवजी भिंतींना आणि छताला आतून जाड इन्सुलेशन केलं, छताला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. मे महिन्यात आपण निघायचंच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात रात्री पंखासुद्धा जास्त होतो.

आता हिशेब. तुमची सगळी नोकरी वीज बोर्डात गेली, तेव्हा अँपिअर-अवरचं सोडून सरळ युनिटमध्येच सांगते. १२.८ व्होल्टच्या, २०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत, मिळून साधारण पाच युनिट. त्यातले चार बिनधास्त वापरायचे. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर ती निम्म्याच्या खाली नेऊ नये, असं तुम्हीच मला शिकवलंत. इथे ती अडचण नाही. शिवाय वजन. आपल्या ट्यूब्युलर बॅटरीला दोन माणसं लागतात, यातली एक मी एकटीने उचलून ठेवली.

दिवसाचा खर्च म्हणाल तर फ्रिजला अर्धा-पाऊण युनिट, दोन पंखे रात्रभर चालले तर अर्धा, दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून जेमतेम पाव. इंडक्शनवर चहा आणि दोन वेळचा वरणभात धरला तर एखादं युनिट. आणि बाबा, तुमचं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं ते, हीटर बंद ठेवून आठ तासांत पाव युनिटच्या आसपास घेतं. सगळं मिळून पावणेतीनच्या आसपास. म्हणजे कुठूनही काही भरलं नाही तरी एक दिवस आणि वर एक रात्र निघते.

आणि भरणार नाही असं होतच नाही. छतावर मिळून ४०० वॅटची दोन सोलर पॅनेल्स आहेत, हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दीड युनिटपर्यंत देतात. पावसाळ्यात मात्र त्यांच्यावर विसंबता येत नाही. सावलीची गंमत अशी की आपल्याला आंब्याखाली गाडी लावावीशी वाटते आणि पॅनेलला ऊन हवं असतं. एका फांदीची सावली एका पॅनेलवर पडली तरी दुसरं चालू राहावं, म्हणून दोन्ही समांतर जोडली आहेत.

खरी भरती गाडी चालताना होते. ही बॅटरी आतून विरोध फार कमी करते, त्यामुळे ती थेट आल्टरनेटरला जोडली की मिळेल तेवढा करंट ओढते. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन नुसतं घरघरत असताना आल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, तेव्हा तो तापून जळायचीच भीती. म्हणून मध्ये ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला. तासाला अर्धं युनिट, त्याहून जास्त तो घेऊ देत नाही. मुलुंडहून दापोलीला पोहोचेपर्यंत दिवसाचा खर्च निघतो. कुठे दोन रात्री मुक्काम असला तर पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरूनही भरता येतं.

तारांच्या बाबतीत तुम्ही मला ओरडू नये म्हणून खूप जपलं आहे. इंडक्शन पूर्ण जोरात असलं की १२ व्होल्टवर दीडशेच्या वर अँपिअर वाहतात. त्यासाठी लोहार चाळीतून ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणली, शक्य तेवढी आखूड ठेवली, केबलच्या टोकांना कल्हई केलेले लग हायड्रॉलिक मशीनने दाबून घेतले. समुद्राच्या हवेत नुसतं तांबं टिकत नाही, तुम्हाला सांगायला नको. फ्यूज बॅटरीला अगदी लागून आहे. लॅमिंग्टन रोडवरून शंट असलेलं मीटर आणलं, कारण या बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि बरीच रिकामी झालेली असताना जवळपास सारखंच दिसतं. किती आलं आणि किती गेलं ते मोजल्याशिवाय काही समजत नाही. गाडीतल्या बदलांना आरटीओची परवानगी लागते, ते कागदही झाले.

आई, तू स्कूटर पेटल्याच्या बातम्या वाचून धास्तावली आहेस. त्या स्कूटरींमध्ये बऱ्याचदा निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी असते. आपली लोह-फॉस्फेटची आहे. ती फार तापली तरी तिच्यातला ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून ती पेट घ्यायला खूप अवघड. अजिबात पेटणारच नाही असं मी म्हणत नाही, म्हणून बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली तर ती तोडणारं सर्किट (बीएमएस) आहे, तापमानाचा सेन्सर आहे आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग आपोआप थांबतं. बॅटऱ्या इंजिनपासून लांब, पलंगाखाली, हवा खेळेल अशा ठेवल्या आहेत. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला आहे. गाडी डिझेलची आहेच ना.

तुझ्या इन्सुलिनसाठी फ्रिज चार अंशांवर लावला आहे. न उघडलेली पेनं मागच्या थंड भिंतीला टेकवायची नाहीत, कारण इन्सुलिन गोठलं की वाया जातं. त्यांच्यासाठी पुढच्या बाजूला वेगळा डबा केला आहे.

बाबांच्या मशीनसाठी आणखी एक छोटी बॅटरी अगदी स्वतंत्र ठेवली आहे. मोठ्या बॅटऱ्यांनी काही कारणाने मान टाकली तरी तिच्यावर पूर्ण रात्र निघेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मशीन लागल्यापासून तुम्ही "रात्री लाइट गेली तर?" म्हणून कुठेच मुक्कामाला गेला नाहीत. नरसोबाच्या वाडीला जायचं आईच्या मनात किती वर्षांपासून आहे, आणि ती तुमच्यासमोर बोलत नाही.

जानेवारीत संक्रांत झाली की मी दापोलीला येते. पहिल्या रात्री गाडी आपल्याच अंगणात लावू. तुम्ही मशीन लावून आत झोपा, सकाळी मीटर स्वतः वाचा आणि मग ठरवा. त्याआधी एक काम करा. मशीनच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्याचा फोटो पाठवा. २४ व्होल्टचं असेल तर मी त्याचा डीसी कन्व्हर्टर मागवते, म्हणजे रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवावा लागणार नाही. फोटो काढताना उजेडात धरा, मागच्या वेळी बिलाचा फोटो वाचताच आला नव्हता.

आईने गोळ्या वेळेवर घ्याव्यात. ताईलाही हे पत्र दाखवा.

तुमची,
धाकटी