तुझ्या एसओपीबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडी अर्जातल्या एसओपीचा (म्हणजे ‘मला हे का करायचं आहे’ या निवेदनाचा) मसुदा सावकाश वाचला. भाषा नेटकी आहे, पण त्यात तू मला कुठे भेटली नाहीस. पहिला अख्खा परिच्छेद विज्ञानाची लहानपणापासूनची ओढ आणि रुग्णांसाठी काहीतरी करण्याची इच्छा यातच गेला आहे. हे खरं आहे, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण बायोमेडिकल पीएचडीला अर्ज करणारी बहुतेक मुलं हेच लिहितात. अर्ज वाचणाऱ्याला त्यावरून तुझ्यात आणि पुढच्या मुलात फरक कळत नाही.

आणि ज्या गोष्टीवरून तो कळला असता, तिला तू एक ओळ दिली आहेस: ‘एसआयआरएनए वापरून जनुकाचं कार्य अभ्यासलं.’ अगं, फोनवर मला काय सांगत होतीस ते आठव. एका एसआयआरएनएने (ठरावीक जनुक दाबणाऱ्या छोट्या आरएनए रेणूने) ते जनुक दाबलं की पेशींची वाढ मंदावायची, आणि लॅबमध्ये सगळे खूश होते. मग त्याच जनुकावर दुसऱ्या जागी बसणारा एसआयआरएनए तू वापरलास. प्रथिन तितकंच कमी झालं, पण पेशी छान वाढत राहिल्या. पहिला एसआयआरएनए भलत्याच जनुकाला दाबत असेल, अशी शंका तुला तेव्हा आली. म्हणून तेच प्रथिन बनवणारं, पण त्या एसआयआरएनएला दाद न देणारं जनुक पेशींत घालून पाहिलंस. प्रथिन परत आलं, तरी वाढ मंदच राहिली. म्हणजे दोष त्या जनुकाचा नव्हताच.

तुला हे अपयश वाटलं, म्हणून तू ते झाकलंस. माझ्या मते तुझ्या अर्जात याहून मोलाचं दुसरं काही नाही. हाती आलेल्या सुंदर निकालावर शंका घ्यायची, ती तपासायला नेमका कोणता प्रयोग लागेल हे ठरवायचं आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तरी मान्य करायचं, हेच तर पीएचडीत वर्षानुवर्षं करायचं असतं. एसओपीचा निम्मा भाग या एका प्रयोगाला दे. प्रश्न काय होता, तुलनेसाठी कंट्रोल कोणते घेतलेस, कुठे अडलीस आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील (क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ते पूर्ण काढून पाहशील का?), हे सगळं लिही. तुझं काम कोणतं आणि लॅबमधल्या ताईचं कोणतं, तेही स्पष्ट असू दे. मुलाखतीत हेच खोदून विचारतात.

शिफारसपत्रांचंही तसंच. विभागप्रमुखांचं नाव मोठं आहे, पण त्यांनी तुला फक्त वर्गात पाहिलंय. ‘हुशार आणि मेहनती विद्यार्थिनी’ यापलीकडे ते काय लिहिणार? ज्या मॅडमनी तुला तो निकाल उलटसुलट तपासताना पाहिलं, त्यांचं पत्र हवं. निदान महिनाभर आधी विचार, आणि एसओपीही पाठव. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता अमेरिकेतले बहुतेक बायोमेडिकल कार्यक्रम मागत नाहीत, पण प्रत्येकाचा नियम वेगळा तपास.

आता विद्यापीठांची यादी. ती तू नावं बघून केली आहेस, हे पहिल्या नजरेत कळतं. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला जाता येतं, साधारण ५-६ वर्षं लागतात, आणि बऱ्याच कार्यक्रमांत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून, म्हणजे थोडे थोडे दिवस काम करून पाहून, मग गाइड निवडतात. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं, पीएचडी ३-४ वर्षांत आटोपते, आणि पुष्कळदा अर्ज थेट एका लॅबसाठीच असतो. जर्मनीतल्या मॅक्स प्लांकची संशोधन-विद्यालयं किंवा ईएमबीएलसारख्या (युरोपातली रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा) संस्था मात्र सगळ्या लॅबसाठी मिळून सामायिक निवड करतात. तुझा विषय अजून पक्का नाही, म्हणून मला रोटेशनची वाट तुझ्यासाठी बरी वाटते. फक्त प्रत्येक ठिकाणी तुला आवडतील असे निदान तीन-चार गाइड असावेत. एकाच माणसाच्या भरवशावर जाऊ नकोस. तो विद्यापीठ सोडून गेला किंवा त्याच्याकडे जागा नसली तर?

पैशाचं सरळ विचार, त्यात संकोच नको. अमेरिकेत बहुतेक बायोमेडिकल पीएचडीत फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. पण एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी३२ ट्रेनिंग ग्रांटमधून (विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठीच्या अनुदानातून) फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच पैसे देता येतात. त्यामुळे काही कार्यक्रमांत परदेशी मुलांच्या जागा कमी असतात. नकार आला तर त्यामागे असंही कारण असू शकतं, हे ध्यानात ठेव. गाइडकडे चालू ग्रांट आहे का, ते ‘एनआयएच रिपोर्टर’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. अर्जाची फी माफ करून घेण्याची सोय काही ठिकाणी असते; ईमेल करून विचार.

मुलाखतीला बोलावलं, की त्या लॅबमधल्या मुलांशी गाइड नसताना बोल. इथून आधी बाहेर पडलेली मुलं कुठे आहेत? पीएचडीला किती वर्षं लागली? कोणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? प्रयोग फसला की गाइड काय म्हणतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना मुलं अडखळली, तर ते मनात टिपून ठेव. मी लॅबमध्ये इतकी वर्षं काढली आहेत. नकोसा निकाल सांगायला विद्यार्थी घाबरतो, अशा जागी चांगलं विज्ञान होताना मी पाहिलेलं नाही. विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, अशा ठिकाणी तू जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या अर्जांची मुदत बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, मुलाखती जानेवारी ते मार्च. प्रवेश मिळाला आणि लगेच उत्तर द्या म्हणून कोणी घाई केली, तर गडबडू नकोस. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांना स्टायपेंडसह दिलेल्या प्रवेशाबद्दल १५ एप्रिलच्या आधी तुला निर्णय घ्यायला लावता येत नाही.

बाबा म्हणतात, यादी लहान कर. मलाही पटतं. आठ-दहा अर्ज मन लावून कर, प्रत्येकात तिथल्या दोन-तीन लॅबच्या कामाबद्दल नेमकं लिही, आणि त्यासाठी त्यांचे अलीकडचे पेपर खरोखर वाच. नुसतं गाइडचं नाव घालून तेच वाक्य सगळीकडे चिकटवू नकोस. वाचणाऱ्याला ते कळतं.

नवा मसुदा आधी मॅडमना दाखव, मग मला पाठव. विज्ञान त्या तपासतील. तू त्यात दिसतेस का, ते मी बघेन.

तुझी,
आई