गुडघ्याचं मलम आणि पोरांची गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तंबाखूच्या सवयींवर आलेला लेख वाचला. विदर्भात सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा, नगर-पुण्याकडे मावा, कोकणात आणि मुंबईच्या चाळींत मशेरी, सांगली-कोल्हापूरकडे हातावर मळलेली तंबाखू, ही यादी बरोबरच आहे. पण शेवटी लेखक म्हणतात की चव ज्या त्या मातीची असते. तिथे मी अडलो. बल्लारपुरात चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, म्हणून असेल, पण मातीवर एवढं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही.

शंकेचं मूळ इथलं नाही, पिट्सबर्गचं आहे. मुलगी-जावई तिकडे असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा त्यांच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला एक पन्नाशीचा माणूस यायचा. खालचा ओठ गांधीलमाशी चावल्यासारखा पुढे आलेला. सोबत कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्यात दर दोन मिनिटांनी थुंकायचा. (आपल्याकडे जिन्याचे कोपरे रंगतात, तिकडे बाटल्या भरतात. तेवढी शिस्त मात्र घेण्यासारखी.) जावयाने सांगितलं, याला 'डिप' म्हणतात. बारीक कातरलेली ओलसर तंबाखू चिमटीने उचलायची आणि ओठ व हिरडीच्या मध्ये दाबून धरायची. आपला बार दाढेकडे, त्यांचा पुढे.

दुपारच्या सुट्टीत मी त्याची डबी बघायला मागितली. बुटाच्या पॉलिशच्या डबीसारखी गोल, चपटी, आत ३४ ग्रॅम माल. झाकण उघडलं मात्र, आणि मी थेट माझ्या दुकानाच्या काउंटरमागे जाऊन पोचलो. कंबरदुखीचं मलम! मुरगळलेल्या पायाला लावतात तोच वास, जरासुद्धा फरक नाही. असली गोष्ट कुणी तोंडात कशी ठेवतो, हे मला कळेना. मी आत जाऊन माझी गुडघ्याची ट्यूब आणली आणि त्याच्या नाकाशी धरली. तो खो खो हसला आणि म्हणाला, "रूट बिअर!" रूट बिअर म्हणजे तिकडचं पोरांचं सरबत, त्यात दारू नसते. माझ्या मलमाला त्याच्या लहानपणाचा वास येत होता, आणि त्याच्या तंबाखूला माझ्या म्हातारपणाचा.

दोघांची नाकं ठीकच होती. मलम, तंबाखू आणि रूट बिअर, तिन्हींचा वास एकच, विंटरग्रीनचा. हे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानात जमिनीलगत वाढणारं, लाल फळांचं झुडूप. त्याच्या पानांचं तेल जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे दुखण्याच्या मलमातलं रसायन, असतं. तिकडच्या एका भूर्जाच्या सालीतूनही तेच तेल निघतं. या झुडपाचा एक भाऊबंद आपल्या खासी टेकड्यांत आणि निलगिरीत वाढतो. त्याच्या तेलाला आपण गंधपुरा म्हणतो, आणि मलमाच्या डबीवर बारीक अक्षरांत ते नाव सापडतं. आम्हा औषधवाल्यांना त्याचा धाक असतो. नुसतं तेल चमचाभर पोटात गेलं तर वीस-एकवीस ॲस्पिरिनच्या गोळ्या एकदम गिळल्यासारखं होतं. लहान मुलाच्या हाती ती बाटली लागू देत नाहीत.

अमेरिकेत मात्र याच वासाच्या गोळ्या आणि चुइंगम पोरं पिढ्यान्‌पिढ्या खात आली. तिथली एक गोळी अंधारात दाताखाली फोडली की निळसर ठिणगी उडते. नातवाने बाथरूमचा दिवा मालवून, आरशासमोर मला आणि आजीला उभं करून ते दाखवलं. खरंच उडते!

आता तंबाखूकडे येतो. 'कोपनहेगन' नावाची डिपची तंबाखू याच पिट्सबर्गमध्ये १८२२ साली निघाली. १९३४ मध्ये 'स्कोल' आली ती विंटरग्रीनचा वास घेऊन. पुढे 'कोडियाक', 'ग्रिझली', सगळ्यांना हाच वास लागला. १९८३ मध्ये त्याच वासाच्या इवल्याशा पुरचुंड्या निघाल्या, ज्याने कधी तंबाखू तोंडात धरली नाही त्याच्यासाठी. नव्या माणसाला सौम्य आणि गोड वासाने सुरुवात करून द्यायची, मग एकेक पायरी चढवत कडक मालापर्यंत न्यायचं, हा हिशेब 'स्कोल'च्या कंपनीच्या स्वतःच्या कागदपत्रांतून पुढे बाहेर आला. २०१० मध्ये तिकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी गोळ्या आणि तंबाखू शेजारी ठेवून तपासलं. तंबाखूतून तोंडात जाणारं विंटरग्रीन पोरांच्या गोळ्यांपेक्षाही जास्त भरलं.

यात माती कुठे आली? आणखी एक पुरावा देतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची तंबाखू जुनी आहे. युरोपने १९९२ मध्ये ती विकायला बंदी केली, पण स्वीडनला सूट मिळाली, इतकी ती तिथे मुरलेली. तिथल्या एका जुन्या छापाला बर्गामोट या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास असतो, अर्ल ग्रे चहात असतो तो. पण तोच छाप अमेरिकेच्या दुकानात जातो तेव्हा डबीवर विंटरग्रीन लिहिलेलं असतं. छाप तोच, ओठ बदलला की वास बदलतो.

चवीला प्रदेश असतोच, हे मी नाकारत नाही. एका रविवारी जावयाने वेस्ट व्हर्जिनियात नेलं. रस्त्याला लागून लाकडी कोठारं दिसतात, त्यांच्या भिंतीभर मोठ्या अक्षरांत 'मेल पाऊच' तंबाखूची जुनी जाहिरात. आपल्या एसटी स्टँडच्या भिंती आठवल्या. तो मुलूख कोळसा खाणींचा. खाणीत वायू असतो, काडी पेटवायची सोय नाही, म्हणून खाणकामगार विडी-सिगारेटऐवजी तंबाखू चघळायचा. हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणींवर पाळीला जाणारी माणसं खर्र्याची पन्नी खिशात टाकून माझ्या दुकानावरूनच जायची. सवय कुठून आली म्हणाल तर खाणीतून आली, हे मान्य. पण त्या सवयीला वास कुणी लावला? खाणीला तर कोळशाचा वास येतो.

आपल्याकडचे वास बघा. वेलची, केवडा, गुलाब, पिपरमिंट. पंगतीनंतर तबकात फिरणाऱ्या बडीशेप-सुपारीतून हे आपल्या नाकात बसलेले, लग्नाकार्याचे वास. ट्यूबमध्ये भरून मिळणाऱ्या तपकिरीच्या पेस्टमध्ये लवंगेचं तेल, मेंथॉल, कापूर, म्हणजे दात घासण्याचा वास. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून मनाई आहे, तरी तो वास कुणी टाकून दिला नाही. आपल्या डबीला कंपन्यांनी विंटरग्रीन लावलं असतं तर पानठेलेवाला म्हणाला असता, काय भाऊ, कंबर धरली का?

अमेरिकेने २००९ च्या कायद्याने सिगारेटमधले गोड वास काढून टाकले, मेंथॉल तेवढं ठेवलं. डबीतल्या तंबाखूला मात्र ती वासाची बंदी लागलीच नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० पासून सगळ्याच वासांना बंदी केली, त्यात विंटरग्रीनही गेलं. या बाबतीत आपण मागे नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, नंतर सुगंधित सुपारी आणि सुगंधित तंबाखूही त्या आदेशात आली. आदेश दरवर्षी नव्याने निघतो, आणि खर्राही नव्या दमाने घोटला जातो. तोंडात तीन बोटंही जात नाहीत असे पंचविशीतले पोरगे माझ्याकडे 'तोंड आलंय, जेल द्या' म्हणत यायचे. सुपारीने गाल आतून आवळत जातात, त्यावर जेल काय करणार? मी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे पाठवायचो. किती गेले, देव जाणे.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या जिल्हा पानावर 'लाखोंची सुगंधित तंबाखू जप्त' अशी बातमी येतच असते. पोती किती, गाडीचा नंबर काय, आरोपी कुठला, सगळं असतं. सुगंध कुठला होता, हे कधीच नसतं. आपल्या बातमीदाराला एकदा त्या पोत्याशी नाक नेऊन बघायला सांगा. चंद्रपूरच्या मालाला कुठला वास, नांदेडच्या मालाला कुठला, मिरजेच्या मालाला कुठला, हे एका पानावर छापा. आणि त्या त्या गावात शाळेबाहेरच्या टपरीवर कुठल्या वासाच्या गोळ्या आणि सुपाऱ्या विकायला असतात, ते शेजारच्या रकान्यात येऊ द्या. मग मातीचं बोलू.

निघायच्या आदल्या दिवशी नातवाने आम्हाला आइसक्रीम खायला नेलं. पेनसिल्व्हेनियात 'टीबेरी' नावाचं गुलाबी आइसक्रीम मिळतं. टीबेरी म्हणजे विंटरग्रीनचंच फळ, हे मला पहिल्या चमच्याला कळलं. गुडघ्याचं मलम फ्रीजमध्ये ठेवून खाल्ल्यासारखं लागलं. आजीने तर कप माझ्याकडे सरकवला. आमचे दोन्ही कप नातवाने संपवले आणि चमचा चाटत विचारलं, "आजोबा, हे तुमच्या बल्लारपूरला का मिळत नाही?"

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
बल्लारपूर, जि. चंद्रपूर