टोकियो डोमच्या पोटातला आखाडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘या वयात कार्टून कसली बघतोस?’ हे तू लिहिणार, याची मला पक्की खात्री होती. म्हणून आधी तेवढंच सांगतो : ‘ग्रॅप्लर बाकी’ हे मारामारीचं जपानी कार्टून पोराटोरांसाठी नाहीच. तुला त्याच्या डिस्कचा संच पाठवतोय, तो तुझ्या धाकट्याच्या हाती लागू देऊ नकोस. वहिनी मला उंबरठ्याच्या आत घेणार नाहीत.

यातली पहिली फिल्म 1994 ची, जेमतेम पाऊण तासाची. ती टीव्हीसाठी नव्हतीच, थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायला काढलेली. जपानात 1983 पासून हा वेगळाच धंदा सुरू झाला होता. चॅनेलवाल्यांची कात्री नाही, जाहिरातदारांची भीती नाही, मोठी माणसं पदरचे पैसे देऊन कॅसेट घेणार. मग रक्त दाखवताना कोण कशाला हात आखडता घेईल? यात शिनोगी कोशो नावाचा एक कराटेवाला आहे. तो समोरच्याच्या मांसात बोट खुपसतो, आतली नस हुकासारखी ओढून बाहेर काढतो आणि तोडतो. हाताची तोडली की हात लुळा. डोळ्याची तोडली की तो डोळा गेला! कुठलाही डॉक्टर हे बघून कपाळावर हात मारील, कारण डोळ्याची नस अशी बाहेरून बोटाला लागत नसते. पण बघताना आपला हात आपसूक मानेकडे जातो, हे मात्र खरं.

आखाडा आहे टोकियो डोम स्टेडियमच्या खाली, तळघरात. नियम एकच, हत्यार चालणार नाही. गुण नाहीत, वेळ नाही, म्हणजे तुझ्या भाषेत निकाली कुस्ती. आणि खाली वाळू. आपल्या तालमीच्या हौद्यात वस्ताद ताक, लिंबू, हळद, तेल घालून माती मळून घ्यायचे, आठवतं ना? इथे टोकियोच्या वाळूत मात्र आधी लढून गेलेल्यांचे दात आणि नखं मिसळलेली आहेत. हे एवढं एक चित्र सुचलं, तिथेच मी या लेखकाला मानलं.

लेखक केइसुके इतागाकी. गडी नुसता टेबलाशी बसून चित्रं काढणारा नाही. जपानच्या सैन्यदलात छत्रीधारी तुकडीत होता, शोरिंजी केम्पो ही जपानी मारामारीची कला शिकला, बॉक्सिंग खेळला, आणि तिशीच्या आसपास चित्रकथांकडे वळला. हे कार्टून जिच्यावरून केलं, ती ‘बाकी’ चित्रकथा छापायला सुरुवात झाली 1991 मध्ये. अमेरिकेत वेगवेगळ्या प्रकारचे लढवय्ये जाळीच्या पिंजऱ्यात भिडतात ती यूएफसी, तिची पहिली स्पर्धा डेन्व्हरला झाली नोव्हेंबर 1993 मध्ये. म्हणजे कराटेवाला भारी की पैलवान, हा वाद याने कागदावर दोन वर्षं आधीच लावून दिला होता.

आता त्या आखाड्यातली मुख्य स्पर्धा. ती 2001 च्या टीव्ही मालिकेत आहे, 24 आणि 24 असे 48 भाग, आणि संचात सगळ्या डिस्क आहेत. पहिले 24 भाग पूर्वकथेचे, दुसऱ्या 24 मध्ये 32 लढवय्ये. चित्रण म्हणशील तर गरिबाघरचं. मारामारी ऐन रंगात आली की चित्र थांबतं, नुसत्या रेघा पळतात आणि बाजूला उभा असलेला कुणीतरी डाव समजावून सांगत बसतो. इतर लोक याच्यावर वैतागतात, मला तेच आवडतं. खासबागेत आपल्या मागच्या पायरीवर बसणारे म्हातारे नाही का, पैलवानाचा पाय हलायच्या आत ‘आता ढाक लावतोय बघ’ म्हणायचे? मजा त्या बोलण्यातच होती.

पात्रांतली बरीचशी खऱ्या माणसांवर बेतलेली आहेत. दोप्पो ओरोची म्हणजे बैलांशी झुंजलेले, क्योकुशिन कराटे काढणारे मास ओयामा. चष्मा लावणारा बुटका म्हातारा शिबुकावा म्हणजे आयकिदो या जपानी कलेचे गुरू गोझो शिओदा. हे दोघेही खरे गुरू 1994 मध्येच, काही महिन्यांच्या अंतराने गेले, पहिली फिल्म आली त्याच साली. इकडे स्पर्धेत मात्र ते एकमेकांसमोर उभे आहेत. ती लढत अजिबात चुकवू नकोस. दोप्पोचा हात म्हणजे घण, आणि शिबुकावा जागचा फारसा हलतही नाही. ज्याने जोर लावला त्याचाच जोर त्याच्यावर उलटवायचा, एवढंच त्याचं काम. जिंकतो कोण, ते सांगत नाही.

त्यातला इगारी बघितलास की तू उडशील. तो सरळसरळ जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी आहे, ती लांब हनुवटीसुद्धा! हाच इनोकी 1976 च्या जूनमध्ये मुहम्मद अलीशी लढला आणि डिसेंबरात कराचीला अक्रम पैलवानाशी. अक्रम म्हणजे गामाचा सख्खा पुतण्या, इमाम बक्षचा मुलगा. इनोकीने त्याचा खांदा निखळवला. गामाचं नाव काढलं की वस्तादांचा हात कानाच्या पाळीला जायचा, आणि त्याच घराण्याला हात घातलेला माणूस इथे जपानी कार्टूनमध्ये सापडतो.

मला खटकलं ते ‘बाकी’ या नायकाचंच. सतरा वर्षांचा पोरगा, त्याच्याच नावाची कथा, म्हणून तो शेवटपर्यंत जाणार हे पहिल्या फेरीतच कळतं. त्यामुळे त्याच्या लढतीत जीव टांगणीला लागत नाही. तो लागतो इतरांच्या वेळी. कात्सुमी बघ. आधीच्या फेरीत हानायामासारख्या राक्षसी ताकदीच्या याकुझाला, म्हणजे जपानी टोळीवाल्या गुंडाला, पाडून आलेला, छाती फुगलेली, आणि पुढच्या फेरीत चिनी रेत्सूसमोर डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवा. किंवा जॅक. ताकदीसाठी औषधं खाऊन खाऊन शरीराची वाट लावलेली, तरी थांबत नाही. बाप तोडीचा समजत नाही, एवढंच त्याचं दुखणं. हा बाप युजिरो कोण आणि त्याचं बाकीशी काय नातं, हे तुला पूर्वकथेत कळेलच.

संच पुढच्या रविवारी दादाबरोबर पाठवतो. बाहेरून घेतलेल्या डिस्क आहेत, साध्या प्लेअरवर अडतात. तुझ्याकडचा सगळ्या देशांच्या डिस्क घेतो का, ते आधी बघून कळव. नाहीतर माझा प्लेअरही सोबत देतो, फक्त त्याचा रिमोट चालत नाही, बटणं हाताने दाबावी लागतील.

तुझा,
विनायक