भाऊ, तुमची लाल वही अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे

भाऊ, नमस्कार.

आपल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब तुम्ही सांभाळलीत, आणि तुमच्या निरोप समारंभाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, बटाटवडे झाले आणि मला बोलायला दोन मिनिटं दिली तर मी "भाऊंनी लॅब नेहमी चकाचक ठेवली" असलं काहीतरी बोलून खाली बसले. डिचोलीला पोचेपर्यंत बसमध्ये स्वतःवरच चिडत होते. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही वाचालच, चष्मा कपाळावर आणि मोबाइल नाकाला लावून.

तुम्हाला ती मीटिंग आठवते का, फर्स्ट इयरला कुठली लँग्वेज शिकवायची त्याची? एक सर म्हणत होते सी पाहिजे, पॉइंटर कळला नाही तर कसलं कॉम्प्युटर सायन्स. दुसरे जावावर अडून बसलेले, कारण कंपन्या तेच विचारतात. मी पायथनची बाजू घेऊन स्लाइड्स बनवून आले होते आणि टर्बो सी प्लस प्लस, म्हणजे लॅबमध्ये सी लिहायचं आमचं ते निळ्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर, किती जुनाट झालंय ते तावातावाने सांगत होते, तर सीवाल्या सरांनी शांतपणे ऐकवलं की टर्बो सी प्लस प्लस १९९० चं आणि तुमचं पायथन १९९१ चं, म्हातारं कोण ते ठरवा. माझी बोलती बंद. (त्यावरचं उत्तर मला रात्री जेवताना सुचलं, नेहमीप्रमाणे. सी प्लस प्लसचं स्टँडर्ड आलं १९९८ साली, आमची निळी स्क्रीन त्याच्या आधीच थांबलेली, आणि पायथन मात्र दरवर्षी नवीन येतंय. असो.)

तेवढ्यात तुम्ही स्टॉक रजिस्टरवर सही घ्यायला आलात, दारातच उभं राहून आमचं भांडण ऐकलंत आणि म्हणालात, "मॅडम, भुरगीं खंय अडकतात तें पळयलां कोणें?" पोरं अडकतात कुठे ते कोणी बघितलंय का. आम्ही सगळे हसलो. मीपण हसले, भाऊ, ते आधी कबूल करते. दुसऱ्या दिवशी तुम्ही लाल पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलावर ठेवलीत आणि काही न बोलता यूपीएस बघायला निघून गेलात.

त्या वहीत प्रॅक्टिकलला पोरांनी तुम्हाला हाक मारली ते सगळं होतं. तारीख, पीसीचा नंबर आणि एक ओळ. "माउस बाहेर येत नाही" हे तर पाननपान, कारण डॉसबॉक्समध्ये (नव्या पीसीवर जुनं टर्बो ज्या खिडकीत चालतं ती) माउस अडकला की कंट्रोल एफ-टेन दाबायचं हे आम्ही कोणी शिकवलंच नव्हतं, ते तुम्हीच प्रत्येकाला सांगत फिरत होतात. "आउटपुट दिसत नाही", म्हणजे उत्तर स्क्रीनवर थांबवून ठेवणारी गेट-सी-एच ही ओळ विसरला. "घरच्या लॅपटॉपवर चालत नाही", म्हणजे वरच्या ओळीत जुन्या पद्धतीचं आयओस्ट्रीम डॉट एच, प्रोग्राम मशीनला समजेल असा करणाऱ्या नव्या कंपायलरला ते माहीतच नाही. आणि एका पानावर तुम्ही नुसतं लिहिलेलं, "८ चं फॅक्टोरियल उणे २५२१६, पोरगी रडली."

त्या ओळीवर मी बराच वेळ अडकले. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार. ७ चं ५०४० बरोबर येतं, ८ चं यायला हवं ४०३२०, पण टर्बोचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही, मग आकडा गिरकी घेऊन उणे बाजूला जातो. धडा म्हणून हे सोनं आहे आणि मी अजून तो शिकवते. पण लूप म्हणजे काय हेच जेमतेम कळलेल्या मुलीला असं वाटलं की आपलंच गणित चुकलं, आणि ती तीन तास बरोबर लिहिलेला प्रोग्राम खोडत बसली. आम्ही वर्षानुवर्षं पोरांना प्रोग्रामिंगच्या नावाखाली एका जुन्या खिडकीशी झटापट करायला लावत होतो आणि नापास झाले की म्हणत होतो बेसिक कच्चं आहे.

पुढच्या मीटिंगला मी स्लाइड्स नेल्या नाहीत, वही नेली. पहिल्या सेमला पायथन, दुसऱ्याला सी, पण जीसीसी या आजच्या कंपायलरवर, घरीही तेच चालेल असं. जावावाले सर थोडे दिवस बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

टूलचं श्रेयपण तुमचंच. मी हट्टाने प्रोग्राम लिहायला व्हीएस कोड हे सॉफ्टवेअर टाकायला लावलं, तर आपले ते २ जीबीवाले पीसी धापा टाकायला लागले, वर एक्स्टेंशन टाका, फोल्डर उघडा, इंटरप्रिटर निवडा, अर्धं प्रॅक्टिकल तिथेच संपायचं. तुम्ही चवथीच्या सुट्टीआधी पेनड्राइव्ह घेऊन एकेका पीसीवर थॉनी हे पायथन लिहायचं साधं सॉफ्टवेअर टाकलंत. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं, नवशिक्यांसाठीच बनवलेलं, पायथन सोबतच येतं, नेट नसलं तरी अडत नाही. आणि एकेक पायरी पुढे जाऊन कुठल्या व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते दाखवतं, जे मी फळ्यावर खडूने चौकोन काढून काढून दाखवायचे.

पायथन आल्यावरही वही थांबली नाही हे मला फार आवडलं. "५ आणि ३ ची बेरीज ५३ आली", कारण इनपुटमधून आलेलं सगळं अक्षरंच असतं. "टॅब आणि स्पेसची भांडणं", कारण पायथनला ओळीआधीची मोकळी जागा एकसारखी लागते. आणि तो सत्तरी तालुक्यातला मुलगा, ज्याने टर्टल हे पायथनचं चित्रं काढायचं साधन वापरून रांगोळी काढली आणि फाइलचं नावही टर्टलच ठेवलं, मग पायथन खऱ्या टर्टलच्या जागी त्याचीच फाइल उघडत बसलं. मला अर्धा तास सापडलं नव्हतं. तुम्ही मागून बघितलंत आणि म्हणालात, नाव बदल रे.

तोच मुलगा आधी एररची लाल अक्षरं दिसली की विंडो बंद करून टाकायचा. तुम्ही त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलात आणि सांगितलंत, टर्बोत पहिली एरर वाचायची, पायथनात शेवटची ओळ, बाकीचं नंतर. ते मी आता पहिल्याच दिवशी सांगते, तुमचं नाव घेऊन.

एकदा मी विचारलं होतं की तुम्ही पोरांना पूर्ण उत्तर का देत नाही, तुम्हाला तर येत असतं. तुम्ही म्हणालात की गावच्या जत्रेतल्या नाटकाला तुम्ही इतकी वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग करता, नट अडला की पहिला शब्द द्यायचा आणि गप्प राहायचं, अख्खं वाक्य दिलं तर तो पुढच्या वाक्यालाही तुमच्याच तोंडाकडे बघतो. आणि संहितेत जिथे नट तालमीत अडतो तिथे पेन्सिलीने टिंब करून ठेवायचं. तेव्हा कळलं ती वही कुठून आली.

मी एमएससी केलं, नेट काढली, टीचिंगवर दोन ट्रेनिंगं केली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, जरा लाजतो. त्याला मी निळ्या पुठ्ठ्याची वही दिलीय. पहिल्या पानावर त्याने लिहिलंय, "पीसी ११, एंटर बटण अडकतं." तुम्ही असताना ते कागदाची घडी घालून कसं बसवायचात ते त्याला एकदा फोनवर सांगा.

तुमची वही मागायला कधीही या, झेरॉक्स काढून ठेवलीय. आणि यंदाच्या जत्रेला मी येतेय, विंगेत तुमच्या बाजूला बसायला जागा ठेवा, स्टूल चालेल.

तुमची,
लॅबवाली मॅडम